स्ट्रीम (जावा)

स्ट्रीम ही जावा या आज्ञावली भाषेतील, घटकांच्या मालिकेवर एकापुढे एक क्रिया जोडून काम करण्याची सोय आहे. १८ मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या जावाच्या ८व्या आवृत्तीत तिचा प्रथम समावेश झाला. यादी, संच, ॲरे किंवा फाइलीतील ओळी अशा एखाद्या स्रोतातून घटक घेणे, नको असलेले गाळणे, उरलेल्यांचे रूपांतर करणे, क्रम लावणे, दुबार घटक वगळणे आणि शेवटी त्यांतून एखादे उत्तर तयार करणे ही सर्व कामे स्ट्रीमच्या साहाय्याने लूप न लिहिता करता येतात. स्ट्रीम स्वतः काहीही साठवून ठेवत नाही आणि ज्या यादीतून ती निघाली त्या यादीला हात लावत नाही. फाइलीतून बाइट वाचण्यासाठी जावात आरंभापासून असलेल्या इनपुटस्ट्रीम या क्लासशी नामसाधर्म्यापलीकडे तिचा संबंध नाही.

दुबार घटक वगळण्यासाठी स्ट्रीममध्ये 'डिस्टिंक्ट' ही मेथड आहे. ती लिहायला एका शब्दाची असली, तरी तिच्यातून काय बाहेर पडेल हे दोन घटक 'समान' केव्हा मानायचे यावर ठरते. हा निर्णय स्ट्रीम घेत नाही. तो ज्या क्लासचे ते घटक आहेत त्या क्लासने घ्यावयाचा असतो. स्ट्रीम वापरताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ या कामाच्या वाटणीत आहे.

पार्श्वभूमी

जावाच्या १.२ या आवृत्तीत (१९९८) यादी, संच व मॅप यांचा एकसंध संग्रह देणारी 'कलेक्शन्स' ही चौकट आली. संग्रहातील घटक एकेक करून पाहण्यासाठी त्या काळी इटरेटर नावाचा ऑब्जेक्ट मागून घ्यावा लागे व पुढचा घटक आहे का, असे त्याला दर फेरीला विचारावे लागे. २००४ साली आलेल्या ५व्या आवृत्तीने 'प्रत्येक घटकासाठी' अशा धाटणीचा सुटसुटीत फॉर लूप दिला. लिखाण कमी झाले, परंतु फेरी मारण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरकडेच राहिली. या पद्धतीस बाह्य फेरी म्हणतात. फेरी कशी मारायची हे संग्रहाकडे सोपवून प्रत्येक घटकाचे काय करायचे एवढेच सांगणे, म्हणजे अंतर्गत फेरी होय.

अंतर्गत फेरीची कल्पना जावाहून बरीच जुनी आहे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या आद्य भाषांपैकी एक मानल्या जाणाऱ्या स्मॉलटॉकमध्ये संग्रहालाच 'निवड', 'गोळा कर' अशा अर्थाचे संदेश पाठवून सोबत आज्ञांचा एक तुकडा दिला जाई. युनिक्समध्ये १९७३ पासून एका आज्ञेचे उत्पन्न दुसरीला पाइपने जोडता येते. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेत २००७ साली आलेल्या लिंक या सोयीतही हीच कल्पना होती. जावात ती यायला उशीर झाला, कारण आज्ञांचा तुकडा मेथडला सहज देता येईल असे व्याकरणच भाषेत नव्हते. ते लॅम्डा या रूपाने 'जेएसआर ३३५' या प्रस्तावाद्वारे आले. या कामाचे नेतृत्व ब्रायन गेट्झ यांच्याकडे होते.

आणखी एक अडसर होता. कलेक्शन या इंटरफेसमध्ये 'स्ट्रीम' ही नवी मेथड घालायची, तर तो इंटरफेस राबवणारे जगभरातील जुने क्लास अपुरे ठरून नव्याने कंपाइल होईनासे झाले असते. म्हणून इंटरफेसमध्येच मेथडचा मजकूर लिहिण्याची मुभा त्याच आवृत्तीत देण्यात आली. डिफॉल्ट मेथड या नावाने ओळखली जाणारी ही सुधारणा आज स्वतंत्रपणे वापरली जाते, परंतु तिचे तात्कालिक निमित्त स्ट्रीम हेच होते.

लूपने दुबार घटक काढताना

एखाद्या यादीतील दुबार नावे काढण्याचा नवशिक्याला सुचणारा पहिला मार्ग म्हणजे दोन लूप एकात एक घालणे आणि सारखे नाव सापडले की ते यादीतून उडवणे. यात दोन फसगती आहेत. क्रमांकाने पुढे जाणाऱ्या लूपमध्ये तिसरा घटक काढला की चौथा घटक तिसऱ्या जागी सरकतो, लूप मात्र चौथ्या जागेकडे निघून जातो. सरकून आलेला घटक तपासलाच जात नाही. लागोपाठ तीन वेळा आलेले नाव म्हणून दोनदा शिल्लक राहू शकते. ५व्या आवृत्तीतील सुटसुटीत फॉर लूप वापरून यादीतून घटक काढला, तर बहुधा पुढच्याच पावलावर आज्ञावली 'कॉन्करंट मॉडिफिकेशन' या अपवादाने थांबते. या दोन्हींत दुसरी चूक बरी म्हणायची, कारण ती लपून राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नवी रिकामी यादी घेऊन, प्रत्येक नाव तिच्यात आधीपासून नसेल तरच घालणे. उत्तर बरोबर येते, पण यादीत नाव आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून चाळावी लागते. १०,००० वेगवेगळी नावे असतील तर एकूण तुलना ४,९९,९५,००० होतात. नवी यादी न घेता हॅशसेट हा संच वापरल्यास प्रत्येक नावामागे सरासरी एकदोन तुलनांत काम होते. हॅशसेट घटकांचा मूळ क्रम राखत नाही. क्रम हवा असेल तर लिंक्डहॅशसेट घ्यावा लागतो.

या दुसऱ्या मार्गात दोष असा नाही. परंतु रिकामा संच तयार करणे, लूप, त्यातील अट आणि शेवटी संचाची पुन्हा यादी करणे, एवढ्या ओळी वाचल्यावर वाचणाऱ्याच्या लक्षात येते की येथे फक्त दुबार नावे काढायची होती. त्यात नावे गाळणे किंवा त्यांचे रूपांतर करणे हेही मिसळले, तर हेतू आणि कारागिरी यांची सरमिसळ होते.

स्ट्रीमची रचना

स्ट्रीमवरील कामाचे तीन भाग असतात: स्रोत, मधल्या क्रिया आणि अंतिम क्रिया. देवनागरीत उच्चारानुसार लिहिल्यास नावांच्या यादीतून दुबार नावे वगळणारी ओळ अशी होते: नावे.स्ट्रीम().डिस्टिंक्ट().टूलिस्ट(). येथे 'नावे' हा स्रोत, 'डिस्टिंक्ट' ही मधली क्रिया आणि 'टूलिस्ट' ही अंतिम क्रिया आहे. 'टूलिस्ट' ही मेथड १६व्या आवृत्तीत (२०२१) आली आणि तिच्यापासून मिळणाऱ्या यादीत फेरफार करता येत नाही. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत 'कलेक्ट' या अंतिम क्रियेला यादी बनवणारा कलेक्टर द्यावा लागे.

गाळण्यासाठी 'फिल्टर', रूपांतरासाठी 'मॅप', क्रम लावण्यासाठी 'सॉर्टेड' आणि ठरावीक संख्येनंतर थांबण्यासाठी 'लिमिट' या नेहमीच्या मधल्या क्रिया होत. मधली क्रिया लिहिली म्हणजे ती लगेच घडते असे नाही. अंतिम क्रिया येईपर्यंत केवळ आराखडा तयार होतो. अंतिम क्रिया आल्यावर घटक एकेक करून सर्व टप्प्यांतून पुढे सरकतात. आधी सर्व घटक गाळून मग सर्वांचे रूपांतर, असे होत नाही. 'सॉर्टेड' हा यातला अपवाद, कारण शेवटचा घटक पाहिल्याशिवाय पहिला कोणता हे सांगता येत नाही. एकदा अंतिम क्रिया झाली की ती स्ट्रीम संपली. तिच्यावर पुन्हा काम करू गेल्यास अपवाद फेकला जातो आणि स्रोतापासून नवी स्ट्रीम काढावी लागते.

क्रियांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. नावांच्या कडेच्या मोकळ्या जागा काढून मग 'डिस्टिंक्ट' लावल्यास शेवटी एक जागा जास्त पडलेले नाव मूळ नावात मिसळते. आधी 'डिस्टिंक्ट' लावून मग जागा काढल्यास दोन्ही नावे वेगळी म्हणून पुढे जातात आणि नंतर एकसारखी होऊन यादीत दुबार राहतात. आज्ञावली चालते, अपवाद येत नाही, आणि उत्तर चुकते.

'लिमिट'च्या बाबतीत तर आज्ञावली थांबतच नाही असे घडू शकते. ०, १, २, ०, १, २ अशी अखंड चालणारी स्ट्रीम घेतली आणि 'डिस्टिंक्ट' नंतर 'लिमिट' ५ लिहिले, तर तीन अंक मिळाल्यावर चौथ्या वेगळ्या अंकाचा शोध अनंत काळ सुरू राहतो. 'लिमिट' आधी लिहिल्यास पहिले पाच अंक घेऊन काम संपते.

डिस्टिंक्टचे अंतरंग

'डिस्टिंक्ट' ही स्मरण ठेवणारी क्रिया आहे. ओपनजेडीके या जावाच्या प्रमुख अंमलबजावणीत ती पूर्वी पाहिलेल्या घटकांचा हॅशसेट बाळगते. नवीन घटक आला की तो संचात घालून पाहते आणि घालता आला तरच पुढे सोडते. वर सांगितलेला लूपच येथे आत दडलेला आहे. तेव्हा स्ट्रीममुळे आज्ञावली आपोआप वेगवान होते हा समज खरा नाही, आणि वेगवेगळे घटक जितके जास्त तितकी स्मृती जास्त लागणार हेही ओघाने आलेच.

काही वेळा मात्र स्ट्रीमला जास्तीची माहिती असते. स्रोत मुळात संच असेल तर दुबार घटक असणे शक्यच नाही, म्हणून 'डिस्टिंक्ट' काहीच करत नाही. आधी 'सॉर्टेड' लावून घटक क्रमाने आले असतील तर सारखे घटक शेजारीशेजारीच असणार; अशा वेळी संच न बाळगता फक्त मागच्या घटकाशी तुलना होते. युनिक्समधील 'युनिक' ही आज्ञाही शेजारच्या सारख्या ओळीच काढते, म्हणूनच तिच्याआधी 'सॉर्ट' लिहिण्याचा प्रघात आहे.

यादीसारख्या क्रमवार स्रोतातून सारख्या घटकांपैकी प्रथम आलेला टिकेल अशी हमी 'डिस्टिंक्ट' देते. हॅशसेटसारख्या क्रम नसलेल्या स्रोतातून घेतलेले घटक रूपांतरानंतर सारखे झाले, तर त्यांपैकी कोणता टिकेल याची हमी नाही. काम अनेक प्रोसेसरांवर समांतर वाटल्यास क्रमाची ही हमी पाळणे महागात पडते. क्रमाला महत्त्व नसेल तेथे 'अनऑर्डर्ड' ही मेथड लावून ते आधीच सांगून टाकावे, अशी सूचना जावाच्या अधिकृत दस्तऐवजात आहे.

समानतेचा प्रश्न

दोन घटक समान आहेत का हे 'डिस्टिंक्ट' त्या घटकांच्या 'इक्वल्स' या मेथडला विचारते. स्वतः लिहिलेल्या क्लासमध्ये ही मेथड लिहिली नसेल, तर सर्व क्लासांच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट या क्लासची मेथड लागू होते, आणि तिच्या मते प्रत्येक ऑब्जेक्ट फक्त स्वतःशीच समान असतो. एकच नाव, एकच जन्मतारीख आणि एकच पत्ता असलेल्या विद्यार्थ्याच्या दोन नोंदी त्यामुळे दोन वेगळे विद्यार्थी ठरतात. ॲरेंचेही असेच आहे. तेच अंक त्याच क्रमाने असलेले दोन ॲरे 'डिस्टिंक्ट'मधून दोन्ही पार होतात.

'इक्वल्स' लिहिली तरी काम पुरे होत नाही. हॅशसेट आधी 'हॅशकोड' या मेथडने मिळणाऱ्या अंकावरून घटकाचा कप्पा ठरवतो आणि त्या कप्प्यातील घटकांशीच तुलना करतो. म्हणून समान घटकांचा हॅशकोड समान असलाच पाहिजे असा जावाचा करार आहे. याचा उलट भाग करारात नाही. हॅशकोड समान असूनही घटक वेगळे असू शकतात. 'इक्वल्स' लिहून 'हॅशकोड' विसरल्यास समान नोंदी वेगवेगळ्या कप्प्यांत जातात आणि त्यांची गाठच पडत नाही. १६व्या आवृत्तीत कायम झालेल्या रेकॉर्ड या प्रकारात दोन्ही मेथड कंपायलर स्वतः पुरवतो, त्यामुळे केवळ माहिती वाहणाऱ्या क्लाससाठी हा घोळ उरत नाही. रेकॉर्डमध्ये सर्व रकाने जुळले तरच दोन नोंदी समान ठरतात.

जावाच्या स्वतःच्या क्लासांतही समानतेच्या व्याख्या एकसारख्या नाहीत. पैशांच्या हिशेबात वापरल्या जाणाऱ्या बिगडेसिमल या क्लासच्या दृष्टीने १०.५ आणि १०.५० या रकमा 'इक्वल्स'नुसार असमान आहेत, कारण दशांश स्थळांची संख्या भिन्न आहे. परंतु 'कम्पेअरटू' या मेथडनुसार त्या सारख्या आहेत. 'डिस्टिंक्ट' दोन्ही रकमा ठेवते, तर 'कम्पेअरटू'वर चालणारा ट्रीसेट हा संच एकच ठेवतो.

मराठी मजकुरातील दुबार नोंदी

मराठी मजकुरात हा प्रश्न अक्षरांपर्यंत उतरतो. सातारा जिल्ह्यातील 'कऱ्हाड' हे गावाचे नाव युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येते. पहिल्या प्रकारात ऱ हे एकच चिन्ह असून त्यापुढे हलन्त येतो. जावाच्या मोजणीत हे नाव ६ चिन्हांचे आहे. दुसऱ्यात साधा र, नुक्ता आणि हलन्त अशी सुटी चिन्हे असतात. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि जोडणारे एक अदृश्य चिन्ह असते. दुसरा व तिसरा प्रकार प्रत्येकी ७ चिन्हांचा आहे. पडद्यावर तिन्ही प्रकार एकसारखे दिसू शकतात, पण 'इक्वल्स'च्या लेखी ती तीन गावे आहेत. 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांना' अशा शेकडो शब्दांना आणि 'गोऱ्हे'सारख्या आडनावांना हेच लागू आहे.

जावातील नॉर्मलायझर हा क्लास वापरून सर्व नावे युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणल्यास दुसरा प्रकार पहिल्यात विलीन होतो. तिसरा होत नाही, कारण अदृश्य जोडचिन्ह असलेले रूप युनिकोडने पहिल्याशी समतुल्य मानलेले नाही. ते स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागते, आणि तेही 'डिस्टिंक्ट'च्या आधीच्या 'मॅप'मध्ये. अंकांची अडचण तुलनेने सोपी आहे. देवनागरी व रोमन अंकांत लिहिलेला एकच पिनकोड मजकूर म्हणून वेगळा असतो. परंतु मजकुराचा पूर्णांक करणारी 'पार्सइंट' ही मेथड देवनागरी अंकही ओळखते, त्यामुळे रूपांतरानंतर दोन्ही एक होतात.

याच गावाचे नाव 'कराड' असेही लिहितात. ही दोन नावे एका गावाची आहेत हे कोणत्याही प्रमाणीकरणातून कळणार नाही. त्यासाठी पर्यायी नावांचा तक्ताच लागतो. उलट बाजूने, एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे महाराष्ट्रात मुळीच दुर्मीळ नाही. केवळ नाव व गाव पाहून दुबार नोंदी वगळणारी आज्ञावली अशा वेळी एका जिवंत माणसाला यादीतून काढून टाकते. नोंद एकदा जास्त राहिली तर ती कोणाच्या तरी नजरेस पडते. नाहीशी झालेली नोंद ज्याची त्यालाच, आणि तीही वेळ निघून गेल्यावर कळते. त्यामुळे माणसांच्या याद्यांत थेट 'डिस्टिंक्ट' लावण्याऐवजी 'ग्रुपिंगबाय' या कलेक्टरने सारख्या नोंदींचे गट करणे आणि एकाहून अधिक नोंदी असलेले गट तपासणीसाठी वेगळे काढणे अधिक सुरक्षित ठरते.

एका रकान्यावरून दुबार ओळखणे

संपूर्ण नोंद न पाहता फक्त एका रकान्यावरून, उदाहरणार्थ हजेरी क्रमांकावरून, दुबार नोंदी काढायच्या असतील तर 'डिस्टिंक्ट' अपुरी पडते, कारण तिला रकाना सांगण्याची सोय नाही. कोटलिन व स्काला या भाषांत तशी वेगळी मेथड आहे, आणि सी-शार्पमध्येही ती २०२१ पासून आहे. जावात सर्वाधिक रूढ असलेला उपाय म्हणजे 'टूमॅप' हा कलेक्टर. त्याला किल्ली म्हणून हजेरी क्रमांक, मूल्य म्हणून पूर्ण नोंद, आणि दोन नोंदींची किल्ली सारखी निघाल्यास कोणती ठेवायची हे सांगणारा लॅम्डा द्यायचा. मूळ क्रम हवा असल्यास लिंक्डहॅशमॅपही मागायचा. तिसरा लॅम्डा न दिल्यास पहिल्याच दुबार किल्लीवर अपवाद फेकला जातो. हा कडकपणा गैरसोयीचा वाटला तरी उपयुक्त आहे. पहिली नोंद ठेवायची की शेवटची, जुना पत्ता की नवा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी एक युक्ती बरीच प्रचलित आहे. लॅम्डाच्या बाहेर एक संच ठेवून 'फिल्टर'मध्ये किल्ली त्या संचात घालता आली का, असे विचारायचे. एका प्रोसेसरवर ती बिनचूक चालते. परंतु 'फिल्टर'ला दिलेल्या लॅम्डाने बाहेरची स्थिती बदलू नये असे अधिकृत दस्तऐवज सांगतो, आणि स्ट्रीम समांतर केली की पहिली नोंद टिकण्याची खात्री जाते. साधा हॅशसेट असेल तर तो संचच बिघडू शकतो.

मर्यादा

प्रत्येक लूपची स्ट्रीम करावी असे नाही. लॅम्डातून बाहेरच्या स्थानिक व्हेरिएबलचे मूल्य बदलता येत नाही, लूपमधून मध्येच मेथडबाहेर परतता येते तसे येथे परतता येत नाही, आणि फाइल वाचण्यासारख्या कामांत उद्भवणारे सक्तीने हाताळावे लागणारे अपवाद लॅम्डात अडचणीचे ठरतात. शेजारच्या घटकांचे क्रमांक लागणाऱ्या कामातही लूपच सरळ पडतो. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत लॅम्डा व स्ट्रीम यांवर स्वतंत्र प्रकरण असून त्यातही स्ट्रीमचा वापर तारतम्याने करण्याचा सल्ला आहे. 'फॉरईच' या अंतिम क्रियेतून बाहेरच्या यादीत घटक भरत जाणे हा तर स्ट्रीमच्या वेषातला लूपच होय. त्यात लूपची सुबोधता नाही आणि स्ट्रीमची सुरक्षितताही नाही.

स्वतःची मधली क्रिया लिहिण्याची सोय जावाच्या २४व्या आवृत्तीत गॅदरर या नावाने कायम झाली. ती आवृत्ती १८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे स्ट्रीम आल्याला नेमकी ११ वर्षे झाली त्या दिवशी प्रसिद्ध झाली. गॅदररची गरज पटवून देताना त्या प्रस्तावात घेतलेले उदाहरणही दुबार घटकांचेच आहे: शब्दांच्या स्ट्रीममधून मजकूर न पाहता फक्त लांबीवरून दुबार शब्द वगळणे.